समुद्रगमनाचे नवे प्रायश्चित्त

आपल्या पणजोबांच्या काळी समुद्र ओलांडणे हे पातक समजले जात असे. विलायतेहून परतलेल्या मनुष्यास पंक्तीस घ्यावे की नाही, आणि घ्यावयाचे तर कोणते प्रायश्चित्त देऊन घ्यावे, यावर आपल्या समाजात मठापासून माजघरापर्यंत वाद माजले; सोयरिकी तुटल्या, घराघरांत तट पडले. तो वाद आज इतिहासजमा झाला आहे आणि ते योग्यच झाले. आज आपल्यातील कितीतरी कुटुंबे साठीशांतीच्या किंवा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने सहलीच्या जहाजावर, ज्याला आता सर्रास क्रूझ म्हणतात त्यावर, चार-आठ दिवस घालवून येतात. परतल्यावर त्यांना कोणी पंचगव्य घ्यावयास सांगत नाही. परंतु या समुद्रगमनात एक दोष खरोखरच आहे, तो आपल्याच हातून घडतो, आणि त्याचे प्रायश्चित्त मात्र अद्याप कोणी सांगितलेले नाही, असे मला गेल्या वर्षी कळून आले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या देवस्थानाच्या कुळावी मंडळींपैकी आम्ही बावीस जण सिंगापूरहून पाच रात्रींच्या सफरीस गेलो होतो. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही; या व्यवहारात ती एकटी नाही. शेवटच्या संध्याकाळी हिशेबाचा कागद हाती आला, तेव्हा त्यात माणशी, दर रात्रीमागे, एक रक्कम 'ग्रॅच्युइटी' म्हणून लावलेली दिसली. आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी मोठे चौकस. त्यांनी नियमांचा बारीक मजकूर वाचून काढला आणि ही रक्कम ऐच्छिक आहे, मागितल्यास ती कमी करतात, असा शोध लावला. झाले! काउंटरपुढे रांग लागली. एकेकाची रक्कम खोडली जाऊ लागली आणि जो तो खिशात पैसे सापडल्याच्या आनंदात परतू लागला. त्या रांगेत मीही उभा होतो, आणि माझे व सौभाग्यवतींचे पैसे मीही कमी करून घेतले, हे आरंभीच कबूल करतो. न करीन तर पुढचे लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

आमची केबिन आवरणारा मुलगा काणकोणचा होता. पाच दिवस तो आम्हांला 'काका', 'काकी' म्हणत होता. काकींच्या गुडघ्यांसाठी एक जास्तीची उशी त्याने पहिल्याच दिवशी न मागता आणून ठेवली होती. रात्री तो टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवीत असता मी जरा ओशाळून विषय काढला. कागदावर नावांपुढे मारलेली काट त्याला अर्थातच ठाऊक होती. तो रागावला नाही, रडवेलाही झाला नाही. चादरीची घडी नीट करीत एवढेच म्हणाला, "काका, राग कसलो? पूण ती बक्षिसी न्हय, तो म्हजो पगार."

या एका वाक्यात जे आहे त्याहून अधिक मला या लेखात सांगावयाचे नाही. परंतु हे वाक्य अक्षरशः खरे कसे आहे, हे मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण आपल्यापैकी बहुतेकांना ते ठाऊक नाही, आणि ते ठाऊक होऊ नये अशीच या व्यवसायाची सारी मांडणी आहे.

प्रथम त्या शब्दाचीच लबाडी पाहा. आपल्याकडील नोकरदाराला ग्रॅच्युइटी हा शब्द परका नाही. वर्षानुवर्षे चाकरी केल्यावर निवृत्तीच्या वेळी मिळणारी, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने मोजली जाणारी ती रक्कम. 1972 साली संसदेने कायदा करून ती मालकाच्या मर्जीतून काढली आणि कामगाराच्या हक्कात घातली. म्हणजे जो शब्द आपल्या देशात हक्काचा वाचक झाला, तोच जहाजावर चढताच पुन्हा मर्जीचा वाचक होतो! तेथे ग्रॅच्युइटी म्हणजे टिप, बक्षिसी. कोणी तिला सेवाशुल्क म्हणतो. कोणी तर 'क्रू ॲप्रिसिएशन' म्हणजे कर्मचाऱ्यांविषयीची कृतज्ञता असे गोड नाव देतो. नावे निराळी, वस्तू एकच.

ही वस्तू लहानसहान नाही. रॉयल कॅरिबियन या मोठ्या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये साध्या केबिनसाठी हा आकार माणशी दररोज 18.50 डॉलर केला. चौघांचे कुटुंब सात रात्री गेले तर याच एका सदराखाली 518 डॉलर होतात. पूर्वी प्रवासी शेवटच्या दिवशी पाकिटात पैसे घालून वाढप्याच्या व केबिनवाल्याच्या हाती देत असे. 2000 सालच्या सुमारास नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलावर जेवण्याची चाल सोडली. वाढपी रोज निराळा येऊ लागला, तेव्हा पाकीट द्यावे कोणाला, हा प्रश्न उभा राहिला. त्यातून रोजचा ठराविक आकार आपोआप लावण्याची ही पद्धत रुजली आणि बहुतेक कंपन्यांनी ती उचलली. कंपन्यांचीच नियमपत्रके सांगतात की, ही रक्कम भोजनगृहातील वाढपी, केबिनची सफाई करणारे आणि पडद्यामागे राबणारे इतर हॉटेल-कर्मचारी यांच्यात वाटली जाते. पडद्यामागचे म्हणजे कोण? तळमजल्यावर चादरी धुणारे, रात्रभर भांडी घासणारे, ज्यांचे तोंडही आपल्याला दिसत नाही असे. आपण काउंटरवर काट मारतो ती यांच्याही नावावर बसते.

आता विचार करा. जो आकार आधीच ठरलेला आहे, जो प्रत्येकाला सारखा लावला जातो, ज्यावर शेकडो माणसांचे महिन्याचे उत्पन्न उभे आहे, त्यास बक्षीस म्हणावयाचे ते कोणत्या न्यायाने? बक्षीस आधी ठरत नाही. देणाऱ्याचे मन प्रसन्न झाले की ते आपसूक हातून सुटते. उलट वेतन आधी ठरते, आणि देणाऱ्याचे मन प्रसन्न असो वा नसो, ते द्यावेच लागते. कंपनीने या दोहोंतून आपल्या सोयीचे तेवढे उचलले आहे. ठरलेपणा वेतनाचा घेतला आणि अनिश्चितता बक्षिसाची. भाड्याची जाहिरात करताना ही रक्कम बहुधा बाहेर ठेवावयाची, म्हणजे भाडे स्वस्त दिसते. नोकर भरताना हीच रक्कम मिळकतीत धरून सांगावयाची, म्हणजे पगार भरघोस दिसतो. प्रवासी आणि कामगार या दोघांनाही एकाच रकमेने भुलविण्याची ही युक्ती खरोखर विलक्षण आहे.

कोणी विचारील, मग मूळ पगार किती, आणि तो ठरविणारा कायदा कोठला? येथे गोष्ट अधिकच बिकट होते. जहाजावर कायदा चालतो तो त्याने लावलेल्या निशाणाच्या देशाचा. सहलीची बहुतेक मोठी जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांची निशाणे लावतात. वर उल्लेखिलेली रॉयल कॅरिबियन कंपनी चालते फ्लॉरिडातून, पण तिची नोंदणी आहे लायबेरियात. अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा परदेशी निशाणाच्या जहाजावरील नाविकांना लागू नाही. मग ते जहाज दर आठवड्याला मायामीच्या धक्क्याला का लागेना. धक्क्यावरच्या उपाहारगृहातील वाढप्याला जे संरक्षण आहे, ते धक्क्यापासून दहा पावलांवर जहाजात उभ्या असलेल्या वाढप्याला नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा मुळीच नाही असे नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 2006 साली सागरी श्रमांविषयीचा करार संमत केला. तो 2013 च्या ऑगस्टमध्ये अमलात आला आणि भारताने त्यास 2015 साली मान्यता दिली. जहाजावर कोणत्याही कामावर असलेला मनुष्य, मग तो सुकाणू धरणारा असो की ताटे उचलणारा, या कराराच्या दृष्टीने नाविकच आहे. ही मोठी गोष्ट झाली. परंतु वेतनाच्या बाबतीत हा करार ज्याच्यासाठी किमान आकडा सुचवितो, तो डेकवरचा कुशल खलाशी. 2025 सालासाठी तो आकडा महिन्याला 673 डॉलर मूळ वेतन असा होता. वाढपी, स्वयंपाकघरातील हरकाम्या, केबिनवाला यांच्यासाठी असा कोणताही आकडा त्यात नाही. तेथे उरतो तो करार, आणि करारात उरते ती आपली मर्जी.

कामाच्या तासांची गोष्ट तीच. हा करार देशांना दोन वाटा देतो. एक वाट अशी की, दिवसात चौदा आणि आठवड्यात 72 तासांहून अधिक काम घेऊ नये. दुसरी अशी की, दिवसात निदान दहा आणि आठवड्यात निदान 77 तास विश्रांती द्यावी. आठवड्याचे तास 168. त्यांतून 77 वजा केले की उरतात 91. म्हणजे दुसऱ्या वाटेने गेल्यास रोज तेरा तास, आठवड्याचे सातही दिवस, काम घेणे कायद्यात बसते. ही ओढ एक-दोन आठवड्यांची नव्हे. एकेक करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो. करार संपला की मुलगा घरी येतो, आणि पुढचा करार हाती पडेपर्यंत बहुतेकांना एक छदामही मिळत नाही. 'डॉलरमध्ये कमावतो' म्हणून लग्नाच्या बाजारात ज्याचा भाव वाढतो, त्या मुलाच्या वर्षाचा हिशेब बारा महिन्यांवर मांडून पाहिला तर आकडा कसा आक्रसतो, हे त्याच्या आईला विचारावे.

आता केबिनीकडे वळतो. कारण वेतनाचा आणि केबिनींच्या व्यवस्थेचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. प्रवाशाचे भाडे माणशी सांगतात खरे, पण ते एका केबिनीत दोघे राहतील असे धरून. आमच्याबरोबर माझी विधवा चुलतबहीण होती. तिला स्वतंत्र केबिन हवी होती, तर तिच्याकडून जवळजवळ दुप्पट भाडे घेतले गेले. का? तर दुसरी खाट रिकामी राहते, तिचे नुकसान कंपनीने का सोसावे? ठीक. व्यापार आहे. उलट जे एका केबिनीत तिसरा-चौथा मनुष्य घालतात त्यांना सवलत मिळते. आम्ही नातवंडांना तसेच कोंबले होते. छताला दुमडून ठेवलेल्या खाटा रोज रात्री उघडून अंथरायच्या आणि सकाळी पुन्हा मिटवायच्या, हे काम त्या काणकोणच्या मुलाचे. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. रिकाम्या खाटेचेसुद्धा भाडे पाईपाईने वसूल करणारी ही व्यवस्था, भरलेल्या खाटेवरची चादर जो बदलतो त्याचे वेतन मात्र प्रवाशाच्या औदार्यावर सोडून देते. खाटेचा हक्क पक्का, माणसाचा कच्चा!

त्यातही 2022-23 च्या सुमारास कित्येक मोठ्या कंपन्यांनी साध्या केबिनींची सफाई दिवसातून दोनदा होत असे ती एकदाच करण्यास आरंभ केला. प्रवाशाची सेवा अर्धी झाली, पण बक्षिसीचा आकार काही अर्धा झाला नाही; तो वाढतच राहिला. बक्षीस जर सेवेबद्दल असते, तर सेवा घटल्यावर ते घटावयास नको होते काय? ते घटले नाही, कारण मुळात ते बक्षीसच नाही. चढत्या पगारखर्चाचा बोजा भाड्याच्या आकड्यास हात न लावता प्रवाशावर टाकण्याची ती एक वाट आहे.

आणि जो आपल्या केबिनी आवरतो, तो स्वतः राहतो कोठे? त्याच 2006 च्या करारात याचेही उत्तर आहे, आणि ते वाचून मी थक्क झालो. मालवाहू जहाजावरील प्रत्येक नाविकास झोपण्यासाठी स्वतंत्र खोली असावी, असा नियम. प्रवासी जहाज मात्र या नियमास अपवाद. तेथे जे अधिकारी नाहीत त्यांना दोघांत साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फूट, आणि चौघांत साडेचौदा चौरस मीटर, म्हणजे सुमारे 156 चौरस फूट जागा दिली की कायदा तृप्त. प्रवाशांची अगदी स्वस्त, बिनखिडकीची केबिन साधारणतः एवढीच असते, आणि तीत दोघांना दाटी होते म्हणून आपण तक्रार करतो. नाविकांच्या झोपण्याच्या खोल्या जहाजाच्या अंगावरील भाररेषेच्या वर असाव्यात, हा दुसरा नियम. त्यालाही प्रवासी जहाज अपवाद. तेथे उजेड व हवा यांची सोय केली की त्या रेषेखालीही झोपविण्याची परवानगी देता येते. म्हणजे लोखंडाची खनिजे वाहणाऱ्या जहाजावरचा खलाशी एकटा, पाण्याच्या वर झोपू शकतो; आणि ज्या जहाजात संगमरवरी जिने, नाट्यगृहे व पोहण्याचे तलाव आहेत, त्यावरचा वाढपी दुसऱ्या-तिसऱ्याच्या घोरण्यात, पाण्याखाली झोपतो. या अपवादाचे कारण जागेची टंचाई असे सांगतात. टंचाई कशामुळे, हे त्या तलावांना विचारावे.

आपल्यापैकी काहींना अजूनही वाटेल की हा दूरदेशीचा विषय आहे. तसा तो नाही. गोव्याचा तारवटी हा शे-दीडशे वर्षांचा जुना मनुष्य आहे. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर डेकवर गुजरातचे व रत्नागिरीकडचे खलाशी, आणि प्रवाशांच्या भोजनगृहात गोव्याचे स्वयंपाकी व वाढपी, अशी कामाची वाटणीच ठरून गेली होती. जहाज मिळेपर्यंत हे लोक मुंबईत धोबीतलावाच्या, माझगावच्या आसपास आपापल्या गावच्या कुडांत राहत. एका पेटीएवढी जागा ही त्यांची मुंबई. ते बहुतेक आपले ख्रिस्ती शेजारी होते, म्हणून आपण त्यांच्याकडे शेजारधर्माने पाहिले, आपलेपणाने पाहिले नाही. आता हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन आपल्याच घरांतील मुले त्याच वाटेने जात आहेत. आतातरी जुन्या शेजाऱ्याचे दुःख आपल्याला कळावयास हरकत नसावी.

या वाटेवर काय घडते याची दोन उदाहरणे देतो. 2012 साली ब्रिटिश वृत्तपत्रांत वृत्त आले की, पी अँड ओ क्रूझेस या कंपनीच्या जहाजांवर भारतीय वाढप्यांचे मूळ वेतन तासाला 75 पेन्सच्या घरात पडते. त्याच वर्षी तिच्या 'आर्केडिया' जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कामगारांनी वेतन व बक्षिसी यांच्या प्रश्नावर सिॲटल बंदरात सुमारे दीड तास शांततेने निदर्शने केली. पुढे त्यांना नवे करार नाकारण्यात आले, असेही वृत्त त्याच वृत्तपत्रांनी दिले. दीड तासाच्या मूक नाराजीची ही किंमत! दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या आठवणीतले. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे सफरी बंद पडल्या. प्रवासी उतरले, कर्मचारी मात्र जहाजांतच अडकले. आपल्या देशाचीही दारे आपल्याच नाविकांना बंद होती. 'मरेला डिस्कव्हरी' जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय मुंबईच्या तोंडाशी येऊनही ताटकळले आणि 23 एप्रिलला एकदाचे धक्क्यावर उतरले. गोव्यात कुटुंबीय सरकारदरबारी खेटे घालीत होते. त्या दिवसांत ज्यांची मिळकत बक्षिसीवर होती त्यांचे काय झाले? प्रवासी नाही, म्हणून बक्षिसी नाही. वेतनाचा धर्म हा की संकटात ते टिकावे. बक्षिसीचा गुण हा की संकट येताच ती प्रथम नाहीशी होते.

आता पूर्वपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप असा की, ही मुले खुशीने जातात, इथल्यापेक्षा अधिक मिळवतात. जातात, हे खरे. मिळवतात, हेही पुष्कळदा खरे. पण गावात काम नाही म्हणून गेलेल्याच्या खुशीला किती खुशी म्हणावे? आणि अधिक मिळते म्हणून ते न्याय्य ठरत असेल, तर जगात कोणताच मालक कधी अन्यायी ठरणार नाही. त्याच्याहून कंजूष असा दुसरा एक दाखविला की पुरे.

दुसरा आक्षेप, बक्षिसीने सेवा चांगली राहते. मग कप्तानाला बक्षिसीवर ठेवावे. वादळ चुकविले तर दोन डॉलर जास्त! कप्तान वेतनावर इमानाने काम करतो आणि वाढपी मात्र लालूच दाखविल्याशिवाय करणार नाही, असे मानण्यात वाढप्याच्या जातीविषयी आपले जे मत प्रकट होते, ते आपण एकदा स्वतःशीच स्पष्ट बोलून पाहावे. काकींच्या उशीचा आकार कोणत्याही कागदावर नव्हता.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो खुद्द कामगारांपैकीच काही जण घेतात. बक्षिसी बंद करून सारे भाड्यात घातले, तर कंपनी भाडे वाढवील आणि वाढीतला वाटा स्वतः गिळील. कामगाराच्या हाती आहे तेही जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच नुसता आकार भाड्यात मिसळून भागणार नाही. त्या रकमेचे वेतनात रूपांतर झाले पाहिजे, ते करारात आकड्याने लिहिले गेले पाहिजे, आणि आजच्या मिळकतीहून ते कमी नसले पाहिजे. मग ज्याला द्यावयाचे त्याने खुशाल वरती बक्षीस द्यावे. ते खरे बक्षीस होईल. आकार वगळून सफर चालवता येतच नाही, असेही नाही. ज्या पी अँड ओ क्रूझेसचे उदाहरण वर दिले, तिनेच मे 2019 पासून रोजचे सेवाशुल्क काढून टाकून ते भाड्यात सामावून घेतले. जहाजे काही बुडाली नाहीत.

चौथा टोमणा मला ओळखीचा आहे. 'देवळातल्या पुजाऱ्याला तबकातल्या चिल्लरीवर ठेवणाऱ्यांनी जहाजाच्या कंपनीला वेतन शिकवावे काय?' टोमणा वर्मी लागणारा आहे, आणि मी तो चुकवीत नाही. जेथे देवस्थानाची समिती तबकाकडे बोट दाखवून पगार तोकडा ठेवते, तेथे दोष तोच. परंतु आपल्या घरात केर आहे म्हणून शेजारच्या उकिरड्याविषयी बोलू नये, हा न्याय मला मान्य नाही. दोन्हीकडे केरसुणी फिरवावी. आपली परंपरा तरी या बाबतीत स्पष्ट होती. देवळाच्या शिखराला चुना लावणाऱ्या गवंड्याला आपण कधी दक्षिणा दिली नाही, मजुरी दिली. दान देताना देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असतो. मजुरी मोजताना दोन्ही हात एका पातळीवर येतात. ज्याने घाम गाळला त्याचा हात खाली ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तर मग करावे काय? कंपन्यांनी करावयाचे ते वर आलेच. सरकारने करावयाचे असे की, सप्टेंबर 2024 मध्ये आपल्या केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले आहे. 2029 पर्यंत सहलीच्या जहाजांचे प्रवासी दुप्पट करण्याचा त्यात संकल्प आहे. मुंबईचा आणि मुरगावचा धक्का या जहाजांसाठी सजविण्याचे काम हाती घेतले गेले. उत्तम. पण धक्का आपला आहे, तर अटही आपली असावी. आपल्या बंदरांतून सफर काढणाऱ्या जहाजाने हॉटेल-कर्मचाऱ्यांचे हमीचे वेतन जाहीर करावे, आणि भाड्याच्या जाहिरातीत सारा आकार धरूनच आकडा छापावा, एवढी अट घालणे अशक्य नाही. ब्रिटनने 1 ऑक्टोबर 2024 पासून जमिनीवरच्या मालकांना टिपेतील एक पेनीही कापून घेण्यास कायद्याने मनाई केली आहे. आपल्याला निदान तितके तरी साधावे. निवृत्त तारवट्यांसाठी व त्यांच्या विधवांसाठी गोवा सरकारला निवृत्तिवेतनाची योजना काढावी लागली, याचा अर्थ एवढाच की, परदेशी निशाणांखाली झिजलेल्या हाडांचा खर्च शेवटी आपल्याच तिजोरीवर पडतो.

राहिले आपण. आपल्यासाठी मी जे प्रायश्चित्त सांगतो ते पंचगव्याहून सोपे आहे. सफर ठरविताना भाड्यात हा आकार पहिल्या दिवसापासून धरावा. तो परवडत नसेल तर सफर परवडत नाही असे समजून एक रात्र कमी करावी. तो आकार खोडून घेण्यासाठी रांगेत उभे राहू नये, आणि उभा राहणाऱ्याचे चातुर्य म्हणून कौतुक करू नये. त्याच वेळी प्रवास-कंपनीला लेखी विचारावे की, यातील किती पैसे कोणाला मिळतात. एकाने विचारले तर उत्तर येणार नाही. बावीस जणांनी विचारले तर येईल.

माझ्यापुरते सांगावयाचे तर, दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा काउंटरवर गेलो आणि खोडलेली रक्कम पुन्हा लावण्यास सांगितले. तेथील बाईंना त्याचे नवल वाटले; असे सांगावयास फारसे कोणी येत नसावे. बँक अधिकारी माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि काही न बोलता त्यांनीही आपला कागद पुढे केला. सारेच आले असे नाही. बाराजणांपैकी सात आलो. त्या मुलाला मी वर एक पाकीट देऊ केले. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले आणि म्हणाला, "हें बक्षीस, काका. हें हांव आनंदान घेतां." तेव्हा प्रथम मला त्या दोन शब्दांतला फरक नीट कळला.

आजोबांच्या पिढीला भीती होती ती समुद्रावर कोणाच्या हातचे खाल्ले याची. ती भीती गेली, बरे झाले. आता एवढाच विचार करावा की, ज्याच्या हातचे खाल्ले त्याची मजुरी चुकती झाली की नाही. ती झाली नसेल, तर पंक्तीत बसण्यापूर्वी पाय धुऊन उपयोग नाही.